पंचनाम्यात न बसणारं नुकसान : मदत व पुनर्वसन विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. सचिव व अधिकारीवर्ग, मदत व पुनर्वसन विभाग, महाराष्ट्र शासन
आणि राज्यातील सर्व मा. जिल्हाधिकारी

सादर नमस्कार.

2025च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, तेव्हा आमच्या शेजारच्या परंडा-भूम तालुक्यांत तलाठी भाऊसाहेब चिखल तुडवत पंचनामे करत होते. घर पूर्ण पडलं की अंशतः, जनावर दुधाचं होतं की ओढकामाचं, जमीन खरडून गेली की नुसतं पीक गेलं, असे रकाने असतात आणि प्रत्येक रकान्याला दर असतो. याची मी थट्टा करत नाही. दर ठरलेला असतो म्हणून तर माणूस कचेरीत जाऊन भांडू शकतो. पण रात्रभर पत्र्यावर लेकरू उराशी धरून बसलेली बाई आभाळ गडगडलं की आजही तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर पळते, तिच्या नवऱ्याला ते नाटक वाटतं आणि त्यावरून घरात रोज भांडणं होतात. हे नुकसान कुठल्याच रकान्यात बसत नाही. बसत नाही म्हणून ते झालंच नाही, असं धरून आपलं सगळं पुनर्वसन चालतं. त्याबद्दल हे पत्र आहे.

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीच्या पट्ट्यात भूकंप झाला, तेव्हा मी त्याच भागात जिल्हा परिषदेच्या शाळेवर नव्यानं लागलेली शिक्षिका होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव उशिरा झोपलेलं. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद, उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरंच लोकांच्या अंगावर आली. 8 ते 10 हजार माणसं गेली, 52 गावं उठवून नव्या जागी बसवावी लागली. माझी पुढची सगळी नोकरी याच गावांत झाली. भूकंपाच्या वेळी पहिली-दुसरीत असलेल्या पोरांची पोरंही माझ्या हाताखालून गेली, त्यामुळे एका रात्रीचं तीस वर्षांत काय होतं ते मला दोन पिढ्यांत बघायला मिळालं. ओळख पटू नये म्हणून खाली काही तपशील बदलले आहेत, एवढं आधीच सांगते.

त्या वेळी शासनानं केलेल्या कामाला नावं ठेवायची नाहीत. लष्कर वेळेत आलं, जागतिक बँकेचं कर्ज मिळालं, घरं उभी राहिली. भारतीय जैन संघटनेनं शेकडो मुलं शिकायला पुण्याला नेली. मानसोपचारतज्ज्ञ आणि नट असलेल्या डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली इथल्या लोकांच्या मनावर झालेल्या परिणामांचा अभ्यासही झाला. नटाला बघायला गर्दी व्हायची आणि त्या निमित्तानं चार माणसं डॉक्टरांशी बोलून जायची, असं आमच्याकडे गमतीनं म्हणत. म्हणजे 1993 लाच हा विषय सरकारदरबारी माहीत होता. म्हणून तर आता जास्त राग येतो.

आमची शाळा तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. मधल्या सुट्टीत पोरं एकच खेळ खेळायची. एकानं आडवं पडायचं, बाकीच्यांनी त्याच्यावर दप्तरं, माती, विटांचे तुकडे रचायचे. मग दोघा-तिघांनी मिलिटरी व्हायचं आणि त्याला उकरून काढायचं. तो जिवंत निघणार की नाही हे आधी ठरलेलं नसायचं, ते आडवा पडलेलाच ठरवायचा. जिवंत निघाला तर सगळे ओरडायचे. नाही निघाला तर त्याला उचलून बाजूला ठेवायचे आणि दुसरा आडवा व्हायचा. आमच्या एका गुरुजींना ते बघवेना, त्यांनी छडी घेऊन खेळ बंद केला. पोरं शाळेच्या मागं जाऊन खेळायला लागली. नंतर बाहेरून आलेल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी आम्हाला समजावलं, की खेळू द्या, लेकरं असंच बोलतात. फक्त कुणाचा खेळ महिनोन्‌महिने बदलत नाही आणि कुणाच्या तोंडावर खेळताना मजाच नसते, तिकडे लक्ष ठेवा.

आमच्या वर्गात अशी एक मुलगी होती. ती कायम आडवी पडायची आणि कधीच जिवंत निघायची नाही. घरातली ती एकटीच वाचलेली, मामाकडे राहायची. शाळेत हुशार, अक्षर मोत्यासारखं, कुणाला त्रास नाही. तज्ज्ञ बाई पंधरा दिवसांनी गेल्या, प्रकल्प संपला, आणि ‘शांत आहे, सावरली’ असं म्हणून आम्ही सगळे पुढच्या कामाला लागलो. आता ती चाळिशीला आली आहे. तिचा नवरा भला माणूस आहे. एकदा माझ्याकडे येऊन म्हणाला, “बाई, हिला काय वाटतच न्हाई बघा. माझी आई गेली तर डोळ्यात टिपूस न्हाई. पोरगी पहिली आली तरी तसंच. दगडाबरोबर संसार केल्यावानी वाटतंय.” हीच बाई मुलीला शाळेच्या सहलीला पाठवत नाही. रात्री मुलीच्या पायाला आपली ओढणी बांधून झोपते. मुलगी बारावीत आहे.

नवऱ्याला जे दगडासारखं वाटतं ते आतून तसं नसतं. मरणाच्या भीतीला सामोरं गेलेला मेंदू कधी कधी सगळ्याच भावनांचा आवाज कमी करून टाकतो. दुःखाचा तेवढा कमी करायचा आणि आनंदाचा ठेवायचा, अशी सोय त्यात नाही. आणि जी एक भावना उरते, सावधपणाची, ती चोवीस तास चालू राहते. हे एकदा समजावून सांगणारं माणूस त्या दोघांना लग्नाच्या पहिल्या वर्षी भेटलं असतं, तर पंधरा-वीस वर्षं एकमेकांना दोष देण्यात गेली नसती.

शास्त्र थोडक्यात सांगते, कारण आपल्यापैकी अनेकांना ते प्रशिक्षणात दहा मिनिटांत उरकून सांगितलेलं असतं. साधी आठवण काळाबरोबर मागे जाते. आघाताची आठवण बऱ्याचदा तशी जात नाही. मेंदूत अमिग्डला नावाचा छोटासा भाग धोका ओळखून शरीराला तयार करतो. ‘हे आत्ताचं नाही, तेव्हाचं आहे’ हे ओळखायला मदत करणारे भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस आणि कपाळामागचा मेंदू. पराकोटीच्या भीतीत यांचं काम बिघडतं. म्हणून वाळूचा टिपर रस्त्यावरून धडधडत गेला, की शेजारी चहा पीत बसलेला पन्नाशीचा माणूस कप टाकून दाराबाहेर असतो. त्यानं तसं ठरवलेलं नसतं. विसर्जनाची हलगी ऐकली की काही जणांना मळमळतं. घटना पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, तिची आठवण देणाऱ्या जागा-माणसं टाळणं, मन बधिर होणं किंवा स्वतःलाच दोष देत राहणं, आणि सतत दचकत, चिडत राहणं, असं सगळं महिन्यापेक्षा जास्त टिकलं आणि रोजचं जगणं अडायला लागलं, तर डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात. व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेल्या सैनिकांचे हाल बघून अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी 1980 मध्ये हा आजार आपल्या अधिकृत यादीत घेतला. आपल्याकडे ‘धसका घेतला’ म्हणतात, आणि म्हणून झालं की विषय संपतो.

आपत्तीतून गेलेल्या प्रत्येकाला हा आजार होतो, असं मुळीच नाही. बहुतेक माणसं आपली माणसं, काम, देवधर्म, शेजार यांच्या आधारानं सावरतात. पण मग तो आधार शाबूत ठेवणं हाच उपचाराचा पहिला भाग झाला. आणि नेमकं तिथंच आपलं पुनर्वसन घाव घालतं.

आमचंच बघा. जमिनीच्या धारणेनुसार 250, 450 आणि 750 चौरस फुटांची घरं ठरली. रस्ते सरळ, रुंद, शहरासारखे चौकोन पाडलेले. कागदावर छान दिसतं. पण जुन्या गावात दाराला दार होतं, भावकी एका गल्लीत होती, बायकांचं बोलणं ओट्यावरून ओट्यावर व्हायचं. नव्या गावात जिची सासू, जाऊ, दोन पोरं गेली होती, तिची उरलेली एक मैत्रीण गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. अंधारात एवढा मोकळा रस्ता ओलांडून कोण जातंय? आणि नवं घर मिळालं तरी कितीतरी माणसं वर्षानुवर्षं घरात झोपलीच नाहीत. पक्क्या छताखाली सामान आणि धान्य, बाहेर पत्र्याच्या खोपटात माणसं. तपासणीला आलेले अधिकारी म्हणायचे, एवढं भूकंपरोधक घर बांधून दिलं तरी यांना कळत नाही. घर भूकंपरोधक आहे हे डोक्याला कळतच होतं हो. अंगाला पटत नव्हतं.

आता नात्यांकडे येते. पंचनाम्यात हे तर कधीच येणार नाही.

भूकंपानंतर वर्ष-दोन वर्षांत आमच्या गावांत लग्नांची रांग लागली. बायको गेलेले पुरुष, नवरा गेलेल्या बायका (पुरुषांची लग्नं जास्त आणि लवकर झाली, हे सांगायला नको). पोरं गेलेल्या बायकांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया उलटवून नस पुन्हा जोडून घेतली. घर पुन्हा भरावं ही इच्छा माणसाची आहे, तिला मी काय म्हणणार? पण एका बाईला नवऱ्याच्या पहिल्या बायकोच्या फोटोखाली संसार मांडावा लागला. नवरा रोज संध्याकाळी पिऊन त्या फोटोशी बोलायचा आणि हिच्याशी नाही. दुसऱ्या एका घरी, भूकंपात गेलेल्या भावाचं नाव नव्यानं जन्मलेल्या पोराला ठेवलं गेलं. तो पोरगा माझ्या वर्गात होता. मी हजेरी घेताना नाव पुकारलं की दोन क्षण उशिरा “हजर” म्हणायचा. सातवीत असताना एकदा म्हणाला, “बाई, घरात माझा वाढदिवस करत न्हाईत, त्याचं श्राद्ध करतेत.” त्या आईबापांना कुणी वाईट म्हणू नये. पण त्यांना मोकळेपणी रडू दिलं असतं, रडायला सोबत दिली असती, तर त्या पोराच्या वाट्याला स्वतःचं नाव आलं असतं.

मदतीच्या रकमेवरून जी घरं फुटली त्याची तर मोजदादच नाही. पैसा कुणाच्या नावावर येणार, विधवा सुनेच्या की सासऱ्याच्या? माहेरी गेली तर तिचं काय? भाऊ वाचला, वहिनी वाचली, पण एकमेकांचं तोंड बघत नाहीत, असं आजही आहे. बाहेरून तो पैशाचा तंटा दिसतो. मी दोन्ही बाजू ऐकल्या आहेत. बोलता बोलता गाडी त्या पहाटेवर येतेच : “माझ्या पोराचा आवाज येत होता आन् तू तुझ्या बायकोला आधी काढलास.” मी वाचलो आणि तो नाही वाचला, ही बोचणी माणूस स्वतःवर धरून ठेवू शकत नाही, मग ती जवळच्या माणसावर काढतो.

आणि दवाखाना? तिथं या सगळ्याचं काय होतं तेही सांगते. आमच्या बाया प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन “मला धसका बसलाय” असं म्हणत नाहीत. हातापायांची आग होते, छातीत धडधडतं, डोकं गच्च होतं, गरगरतं, असं सांगतात. एक सलाईन, बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन, पुढच्या आठवड्यात परत या. झोप लागते का, पहाटे किती वाजता जाग येते, हा एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो? आमच्याकडे अनेक जणांना वर्षानुवर्षं चारच्या आत जाग यायची.

आता शिबिरांबद्दल. आपत्तीनंतर आठवड्याभरात मंडप पडतो, समुपदेशनाचा फलक लागतो, शहरातून गाडी भरून माणसं येतात. त्यांची भावना चांगली असते. बायकांना गोल करून बसवतात आणि “मनात आहे ते सगळं बोलून टाका” म्हणतात. दोन दिवसांनी मंडप निघतो. अशा एकाच बैठकीत घटना सविस्तर वदवून घेण्यानं फायदा होत नाही, काहींना अपायही होतो. जागतिक आरोग्य संघटना याची शिफारस करत नाही. पहिल्या महिन्यात सरसकट झोपेच्या-शांततेच्या गोळ्या वाटू नयेत, असंही तीच सांगते. 2011 मध्ये तिनं मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, त्यातली रीत अगदी साधी आहे : आधी बघा कुणाला काय हवंय, तो बोलेल तेवढं ऐका, आणि त्याला त्याच्या माणसांशी, मदतीशी जोडून द्या. न बोलण्याचा हक्क त्याचा. हे शहाणपण आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडे आधीपासून होतं. मयत झालेल्या घरी त्या येऊन नुसत्या बसायच्या, भाकरी करून ठेवायच्या आणि जायच्या.

कॅमेरेवाल्यांना तर कृपा करून आवरा. दहा वर्षांच्या पोराला “आईची आठवण येते का?” हा प्रश्न विचारून तो रडेपर्यंत कॅमेरा धरून ठेवणं हा आघातात आणखी एक आघात आहे. आपद्ग्रस्त मुलांच्या मुलाखती पालक आणि बालकल्याण समितीच्या परवानगीशिवाय होणार नाहीत, असा आदेश काढायला जिल्हाधिकाऱ्यांना फार कागद रंगवावे लागणार नाहीत.

कायदे-धोरणं नाहीत असंही नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं आपत्तीतल्या मनोसामाजिक मदतीची मार्गदर्शक तत्त्वं 2009 मध्येच काढली. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा हक्क केला. 2022 पासून 14416 या क्रमांकावर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन चालू आहे, मराठीत बोलता येतं. चांगलंच आहे. पण ज्या घरात एकच फोन आहे आणि तो नवऱ्याच्या खिशात असतो, तिथली बाई नवऱ्याबद्दलचं दुखणं कुठून सांगणार? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं, पण एका पथकानं सगळा जिल्हा बघायचा असतो. आपत्तीच्या गावात ते वर्षातून किती वेळा पोचेल, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

इर्शाळवाडीचं नाव घेतल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. 19 जुलै 2023च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या त्या ठाकरवाडीवर दरड आली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं सापडलीच नाहीत आणि 23 जुलैला शोध थांबवला. थांबवावाच लागला असेल, मी तज्ज्ञ नाही. पण ज्याचं प्रेत मिळालं नाही त्याच्या माणसाचं दुःख वेगळं असतं. आग दिली नाही, माती दिली नाही, तर मन गेल्याचं मान्य करत नाही. दार वाजलं की बघतं. अशाच दरडीखाली गेलेल्या तळिये आणि माळीणच्या माणसांनाही विचारा. अशा घरांना मृत्यूचा दाखला लवकर देणं जसं गरजेचं आहे, तसंच दरवर्षी त्या तारखेला त्या जागेवर जायची वाट मोकळी ठेवणं, गाडीची सोय करणं, त्यांचे विधी त्यांच्या पद्धतीनं होऊ देणं हेही पुनर्वसनच आहे. धोकादायक क्षेत्र म्हणून कुंपण घालून टाकलं, की आपली जबाबदारी संपते पण त्यांचा शोध संपत नाही.

मागते काय, ते सांगते.

पुनर्वसनाच्या प्रत्येक शासन निर्णयात मानसिक आरोग्यासाठी वेगळा निधी असावा आणि तो किमान तीन वर्षं चालावा. पहिल्या पंधरवड्यात माणसं सुन्न असतात, धावपळीत असतात, पाहुणे असतात. पाहुणे गेले, घराच्या चाव्या मिळाल्या, फोटो काढून झाले, की मग घरात शांतता पसरते आणि खरं काम तेव्हा सुरू होतं. त्या वेळी गावात कुणीतरी असायला हवं. तो डॉक्टरच असायला हवा असं नाही. आशाताई, अंगणवाडी सेविका, शाळेतले शिक्षक गावात राहतातच. त्यांना दोन दिवसांचं नव्हे, वर्षभर अधूनमधून प्रशिक्षण द्या, त्यासाठी वेगळं मानधन द्या आणि ज्याचं दुखणं त्यांच्या आवाक्याबाहेर आहे त्याला कुणाकडे पाठवायचं, ते नाव आणि वार ठरवून द्या. आघातावर नेमके उपचार आहेत, आठवणीला हळूहळू, सोबतीनं सामोरं जायला शिकवणारे. जिल्हा रुग्णालयात ते जाणणारा एक तरी मानसशास्त्रज्ञ हवा. आणि याच आशाताई, हेच शिक्षक स्वतः आपद्ग्रस्त असतात, हे विसरू नका. आमच्या ज्या गुरुजींनी छडी घेतली होती, त्यांची दोन मुलं त्या पहाटे गेली होती. आठव्या दिवशी ते हजर झाले होते आणि त्यांची रजा शिल्लक नव्हती.

घरांचं वाटप चिठ्ठ्या टाकून करू नका. शेजार विचारून करा. याला पैसाही लागत नाही.

शेवटची मागणी जरा वेगळी आहे. 21 मार्च 2024 ला सकाळी हिंगोली-नांदेड-परभणीकडे जमीन हादरली, तेव्हा आमच्या गावातल्या काही माणसांनी तिकडच्या नातेवाइकांना फोन करून पहिलं काय विचारलं असेल? घर पडलं का, हे नाही. “आज रात्री कुठं झोपणार, कोण आहे सोबतीला?” किल्लारीच्या पट्ट्यात अशी शेकडो माणसं आहेत, चाळिशी-पन्नाशीची, ज्यांनी हे आतून पाहिलंय आणि जी आता बोलू शकतात. त्यांतल्या तयार असलेल्यांना प्रशिक्षण द्या, ओळखपत्र द्या, एसटीचा पास आणि रोजचा भत्ता द्या, आणि पुढची आपत्ती आली की तिथं पाठवा. आम्ही काही जणींनी गावागावांतून नावं गोळा करायला सुरुवात केली आहे. यादी कुठल्या टेबलावर आणून द्यायची, तेवढं लेखी कळवावं.

आपली विश्वासू,
भूकंपग्रस्त गावातील एक सेवानिवृत्त शिक्षिका